एका दाराला एक भत्ता

"जरा पुढे सरका हो. समोर एवढी जागा पडलीय."

जांदिरा एवढंच म्हणाली आणि तिच्या पुढचा उंच माणूस गर्रकन मागे वळला. बाहेर भुरभुर पाऊस चालला होता, रांगेचं शेपूट कचेरीच्या दाराबाहेर लोंबत होतं आणि जांदिराच्या सपातांत पाणी शिरलं होतं. अशा वेळी माणसानं सरकायचं सोडून आपल्या तोंडाकडे टक लावून बघत राहावं, म्हणजे डोकं फिरायला दुसरं कारण लागत नाही.

"तुम्हीच त्या," तो म्हणाला.

"कोण मी?"

"फोनवरच्या. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.' कार्निवल संपल्यापासून रोज सकाळी तुम्ही मला ताटकळत ठेवताय. आता समोर सापडलात. सांगा, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"अहो, मी तिथे नोकरीला असते तर या रांगेत मरायला कशाला आले असते?"

आता सगळी रांग ऐकू लागली, म्हणून तिला सांगावंच लागलं. ती एका फोनसेवेच्या कंपनीत होती. एकदा साहेबानं तिला काचेच्या खोलीत बसवलं, तुझा आवाज सगळ्यांत गोड आहे म्हणाला आणि पंधरवडाभर तिच्याकडून जाडजूड वह्या मोठ्यानं वाचून घेतल्या. त्याबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून तिनं घरी मावशीला केक नेला. पुढे काही महिन्यांत तिचाच आवाज यंत्रातून बोलू लागला आणि अख्खा मजला घरी बसला. तोच आवाज मग यंत्रभत्त्याच्या कचेरीनंही विकत घेतला. यंत्रानं ज्यांचं काम गेलं त्यांना महिन्याला मिळणारा हा भत्ता. चैन होत नसे त्यावर, पण चूल विझत नसे.

"म्हणजे तुमच्या आवाजानं तुमचीच नोकरी खाल्ली," तो म्हणाला.

"खाल्ली. आणि वर 'आणखी काही मदत करू का' म्हणून विचारते, मेली."

तो हसला. पुढच्या दोन दातांत फट होती, आणि त्या फटीमुळे ते हसू उगाचच प्रामाणिक वाटलं. त्याचं नाव एलिझेउ. तो बाजाराच्या बसवर कंडक्टर होता. त्याच्या खुर्चीच्या जागी आता कार्ड टेकवायची पेटी बसली होती. "सगळी नोकरी मी लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' करत आलो," तो म्हणाला. "मला कुणी म्हटलं ते आज पहिल्यांदा."

जांदिराची पाळी आली. दर महिन्याला यंत्रापुढे चेहरा दाखवून आपण जिवंत असल्याची खात्री पटवावी लागे. यंत्रातला फोटो नोकरीतला, हसरा. समोरचा चेहरा भिजलेला आणि वैतागलेला.

"कृपया चेहरा सहज ठेवा," यंत्र तिच्याच आवाजात म्हणालं.

"हाच माझा सहज चेहरा आहे."

"कृपया चेहरा सहज ठेवा."

"ऐका तिचं," मागून एलिझेउ म्हणाला. "तुमच्यापेक्षा चांगलं बोलते ती."

तिला चीड आली... आणि नेमकं त्याच वेळी हसूही आलं. यंत्रानं तिला जिवंत मानलं. जाताना एलिझेउनं खिशातून एक टॉफी काढून तिच्या हातावर ठेवली. सुटे नसले की तो उतारूंना टॉफी द्यायचा, ती खोड अजून सुटली नव्हती. बोटाला बोट लागलं, एवढंच. पण घरी पोचेपर्यंत तिनं ती टॉफी खाल्ली नाही.

दुसऱ्याच दिवशी तो झुलेइदी मावशीच्या गाड्यावर हजर. मावशी मक्याच्या पामोन्या करून विकायची. कीस काढायचा, दूध-साखर घालायची, मक्याच्याच पानांत बांधून उकडायचं. जांदिरा हल्ली तिच्या हाताखाली असे.

"पत्ता कुणी दिला?" तिनं विचारलं.

"रांगेतल्या बायकांनी. सगळ्यांना तुम्ही ठाऊक आहात. 'ती भांडखोर ना?' म्हणाल्या."

"मग आलात कशाला?"

"खात्री करायला."

खात्री करायला तो रोज येऊ लागला. आधी पामोन्या खायला, मग मक्याची पोती उचलायला, मग किसायला. त्याच्या अर्जाचं काम झालं, त्याला भत्ता सुरू झाला, तरी येणं थांबलं नाही. तुम्हीचं तू कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिनं पान दुमडून धरायचं, त्यानं दोरा बांधायचा. दोरा बांधायला जेवढा वेळ लागतो त्याहून तो जास्त लावायचा, आणि ती ओरडायची, "गाठ मारतोयस की जाळं विणतोयस?" तो म्हणायचा, "घाई कशाला, आपल्याला कुणी कामावर बोलावलंय?" हे मात्र खरं होतं. भत्त्यानं त्यांना दुसरं काही दिलं नसेल, पण रिकामी दुपार दिली होती, आणि दोन माणसांची रिकामी दुपार एकाच गाड्यावर जमली की व्हायचं ते झालं.

झालं खरं, पण तो बोलेल तर शपथ. महिने गेले. हा माणूस बसच्या गोष्टी सांगे, पावसाच्या सांगे, शेजाऱ्याच्या कोंबडीच्याही सांगे. मध्येच थांबे, म्हणे, "जांदिरा, मी काय म्हणत होतो..." आणि मग म्हणे, "मका यंदा गोड आहे नाही?" जांदिराला वाटे, किसणी उचलून याच्या डोक्यात घालावी.

आणि मनात एक जुनं कुसळही होतं. तिचं लग्न ठरलं होतं एकदा. तो मुलगा म्हणायचा, "फोनवर बोलतेस तसं घरी बोल ना." तिनं ते लग्न मोडलं होतं. आता हा एलिझेउ. हाही त्या आवाजावरच भाळून आला असेल तर? तो गोड आवाज कचेरीतल्या यंत्रात राहत होता. गाड्यावर नुसती ती होती.

जून उजाडला, तिकडचा हिवाळा. पाराइबाच्या डोंगरावर गारठा पडला, गल्लीत पताका लागल्या. मावशीनं आपला ठेवणीतला उपाय काढला. संत अंतोनियोची मूर्ती घेतली आणि पाण्याच्या बरणीत उलटी बुडवली. मुलीचं लग्न ठरेपर्यंत संतानं तसंच राहायचं, अशी रीत.

"मावशी, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

"लग्न जुळवणं हे त्याचं काम आहे, पोरी. त्याच्या जागी अजून यंत्र आलेलं नाही. तोवर करू दे."

संत अंतोनियोच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, दारोदार शेकोट्या पेटत असताना, एलिझेउ इस्त्रीचा शर्ट घालून आला. जांदिरानं किसणी खाली ठेवली. तो बाकावर बसला. खाकरला. मग खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," जांदिराचा आवाज म्हणाला. "आपला प्रश्न सांगा."

"भत्ता घेणारा एक पुरुष आहे," एलिझेउ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "भत्ता घेणारी एक बाई आहे. त्यांनी... समजा... लग्न केलं, तर?"

"अभिनंदन. एका दाराला एक भत्ता, असा नियम आहे. भत्ता स्त्रीच्या नावे चालू राहील. पुरुषाचा बंद होईल. आणखी काही मदत करू का?"

जांदिरानं फोन हिसकावून बंद केला.

"मला विचारायचं सोडून तिला विचारतोस?"

"तिला विचारायला भीती नाही वाटत. ती ओरडत नाही."

"मग तिच्याशीच लग्न कर." तिनं फोन त्याच्या मांडीवर टाकला. "सगळ्यांना तीच हवी असते."

"तसं नाही गं. रोज सकाळी उठून तुझ्यापुढे हात पसरायचा... दाढीच्या पात्यासाठी, बसभाड्यासाठी... मी अख्ख्या गावाला सुटे दिलेत, जांदिरा. माझ्यानं ते नाही व्हायचं."

"माझ्या आईनं जन्मभर बापापुढे हात पसरला. तेव्हा कुणाच्या जिवाला काही झालं नाही. तुझ्यावर वेळ आली तेव्हा बरी लाज वाटायला लागली?"

एलिझेउ उठला आणि शेकोट्यांच्या धुरातून चालता झाला. आपण बरोबर बोललो हे जांदिराला माहीत होतं. बरोबर बोलूनही माणूस इतकं दुःखी होतं, हे मात्र तिला नवीन होतं.

मावशीनं बरणीकडे पाहिलं. "काढू का याला बाहेर?"

"राहू दे बुडलेला."

एलिझेउ आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. जांदिरा गिऱ्हाइकांवर खेकसू लागली, दोऱ्याच्या गाठी स्वतःच मारू लागली, आणि त्या झटपट बसतात याचाही तिला वैताग येऊ लागला. येता-जाता गल्लीतली दारं तिच्या डोळ्यांत खुपत. त्या नियमापायी निम्म्या घरांना आता रस्त्यावर उघडणारी दोन-दोन दारं होती. नवरा एका दारानं आत शिरायचा, बायको दुसऱ्या, आणि दोघं स्वयंपाकघरात भेटायची. तपासणीचा माणूस दारं मोजायचा, चहा प्यायचा आणि जायचा. जांदिरा या सोंगाला नेहमी हसायची. आता तिला वाटलं, निदान ती माणसं स्वयंपाकघरात भेटतात तरी.

जूनमधल्याच दुसऱ्या सणाला, संत जुआंवच्या दिवशी, दुपारी गल्लीत कल्ला उठला. जांदिरा बाहेर आली. एलिझेउ हातगाडी ढकलत येत होता आणि हातगाडीवर बसचं दार होतं. घडीचं, काचेचं, खाली रबराची पट्टी लोंबणारं.

"हे काय आणलंस?"

"दार. भंगारवाल्याकडून. माझ्याच बसचं आहे." तो घामाघूम झाला होता. "मावशीच्या कोठाराची भिंत रस्त्याला लागून आहे. दार रस्त्यावर उघडायला हवं, एवढंच नियमात आहे. कसलं हवं ते कुठे लिहिलंय?"

"ही लबाडी आहे."

"नियम मुळात लबाड आहे," दारातून मावशी म्हणाली. "काम गेलं दोघांचं, आणि जेवायचं एकानं?"

जांदिरा हलली नाही. एलिझेउनं कपाळ पुसलं.

"आधी मी कचेरीत गेलो होतो. माझा भत्ता सोडायला. तू बोललीस ते लागलं मला... खरं होतं म्हणून लागलं. यंत्रापुढे उभा राहिलो. ती तुझ्या आवाजात म्हणाली, 'आपली खात्री आहे का?' किती गोड विचारलं. आणि मला वाटलं, ही तू असतीस तर म्हणाली असतीस, 'गाढवा, उपाशी राहून कुणाचं भलं होणार आहे? दुसरं काही सुचव.'"

"म्हणालेच असते."

"तेच. ती सगळ्या जगाशी तशीच बोलते, जांदिरा. वैतागतेस तू फक्त माझ्यावर."

"मी सगळ्यांवर वैतागते."

"माझ्यावर जास्त."

ते खरं होतं. गल्ली कान टवकारून उभी होती.

"आणि मला ते हवंय," एलिझेउ हळू म्हणाला. "तुझं ओरडणं. रोज. दोन दारं असली तरी... स्वयंपाकघर एकच ठेवू, एवढंच मागणं आहे."

जांदिरा वळली आणि तडक आत गेली. त्याचा चेहरा उतरला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात मावशीचा मोठा हातोडा होता.

"तू नुसता उभा राहू नकोस," ती म्हणाली. "भिंत फोडायला मलाच लावणार आहेस का?"

संध्याकाळपर्यंत भिंतीला भगदाड पडलं आणि तिन्हीसांजेला दार बसलं, थोडं तिरकं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मावशीनं संताला बरणीतून काढून एप्रनला पुसलं आणि उन्हाची वाट न बघता शेकोटीजवळ वाळत ठेवलं. जांदिरा आतून आली, तिनं घडीचं दार ओढून उघडलं. बाहेर एलिझेउ उंबऱ्यापाशी घुटमळत उभा होता. आयुष्यभर दारं उघडून देणाऱ्या माणसाला आज आत पाऊल टाकायचं सुचत नव्हतं.

"जरा पुढे सरका हो," ती म्हणाली. आवाज जाड होता, थोडा चिरकलेला, कुठल्याच यंत्राला जमला नसता असा. "आत जागा आहे."