दोन बाटल्या आणि अर्धा तास

“अहो मिस्त्री, कानात बोळे घातलेत का?”

आमच्या दवाखान्यात लशींच्या फ्रिजमागे उकिडव्या बसलेल्या माणसाला माझी ही तिसरी हाक होती. सकाळी फ्रिज उघडला तर आतला थर्मामीटर शून्याच्या खाली, दुसऱ्या दिवशी एकेचाळीस बाळांना टोचायचं, आणि हा गृहस्थ ढिम्म! मग त्याने अख्खी मान वळवली आणि असा काही हसला की... जाऊ दे. मी रागावले होते, एवढंच लक्षात ठेवा.

“फ्रिज ठणठणीत आहे, सिस्टर. कुणीतरी बटण पार शेवटपर्यंत फिरवलंय.”

ते कुणीतरी म्हणजे मी. आदल्या दिवशी उकाड्याने जीव नकोसा झाला होता, वाटलं, लशींना जरा जास्त गारवा मिळू दे. सहा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला शोभतं का हे? मेंदूज्वरावरची ही लस गोठली की वाया गेली, असं नव्या मुलींना मीच तर बजावते.

“मी... मीच फिरवलं.”

त्याने आवाज खाली आणला. “बटण बिघडलं होतं असं लिहू रिपोर्टात? कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल ना! खरं असेल ते लिहा.”

पेन हातातच राहिलं आणि तो माझ्याकडे बघत बसला. जरा जास्तच वेळ. मी उगाच रिकामी खोकी आवरायला घेतली.

लस गोठून गेली की थोडक्यात वाचली, हे वरून कळत नाही. त्याची एक परीक्षा असते. त्याच खोक्यातली एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवायची, सकाळी वितळू द्यायची, मग शंकेच्या बाटलीबरोबर हलवून शेजारी शेजारी ठेवायची. गोठलेल्या लशीतला गाळ भराभर तळाशी बसतो. शंकेच्या बाटलीतला रेंगाळला तर ती चांगली. दोन्हींतला बरोबरीने बसला तर अख्खं खोकं बाद. त्याला लागतो अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला मी दोन्ही बाटल्या हलवून टेबलावर ठेवल्या, तोच स्वारी हजर.

“तुमचं काम काल संपलं ना?” मी विचारलं.

“निकाल ऐकायला आलोय. जरा सरकता? मला तुमच्या डावीकडे बसायचंय.”

“का? उजवीकडे काय काटे पसरलेत?”

“डाव्या कानाने मला ऐकू येत नाही,” तो सहज म्हणाला.

कालचे ते बोळे आठवले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दीड वर्षाचा होतो. ताप, मान ताठ... मेंदूच्या आवरणात जंतू शिरले होते. आई पंधरा दिवस खाटेपाशी उभी होती. मी वाचलो, कान गेला. शेजारच्या खाटेवरचं बाळ घरी गेलंच नाही.” त्याने बाटलीकडे बोट दाखवलं. “तेव्हा ही आमच्यापर्यंत पोचली नव्हती. म्हणून मी लोकांच्या घरचे फ्रिज सोडले आणि फक्त लशींचे बघतो.”

सहा वर्षं मी ही लस टोचत होते. ती नसली की काय होतं, ते आज माझ्या शेजारी बसून हसत होतं.

“बाटलीकडे बघा,” थोड्या वेळाने मी दटावलं.

“बघतोय की. काचेत तुम्ही दिसताय.”

“गाळ दिसायला हवा!”

“तोही दिसेल... घाई काय आहे?”

दिसलाच. दोन्ही बाटल्यांत, अगदी बरोबरीने. खोकं बाद.

बाहेर बाकांवर एकेचाळीस आया बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “माझ्या चुकीने लस गोठली. ही टोचली तर मेंदूज्वराशी लढायची ताकद बाळाला मिळणार नाही, आणि तुम्ही मात्र निर्धास्त राहाल. हे मी करणार नाही. पुढच्या आठवड्यात या... कृपा करा, पण याच.”

चाळीस जणी कुरकुरत उठल्या. एकीचा मात्र पारा चढला. “दोन बस बदलून आलेय मी! आता पुन्हा पायरी चढणार नाही!” ती तरातरा निघून गेली.

पुढच्या आठवड्यात नवं खोकं आलं. चाळीस बाळं आली. दुपारी दोनपर्यंत एकेचाळिसावं आलं नाही, तेव्हा मी लशीचा गार डबा खांद्याला लावून निघाले. दारात तो उभा, हातात दोन हेल्मेट.

“माझ्या स्कूटरला बस बदलावी लागत नाही,” तो म्हणाला.

त्याच्या-माझ्यामध्ये लशीचा डबा ठेवून मी मागे बसले. घरातल्या एखाद्या कडक मावशीसारखा तो डबा रस्ताभर मध्ये होता.

बाळाच्या आईने दार उघडलं आणि बघतच राहिली. “इथवर आलात?”

“चूक माझी. फेऱ्या तुम्ही का माराव्यात?”

तिने मुकाट्याने बाळाचा पाय धरला. मी टोचलं. बाळाने असा टाहो फोडला की मिस्त्रीने उजवा कान पुढे केला. “वा! काय खणखणीत आवाज!”

आई हसली. “चिडले होते खरी. पण उद्या येणारच होते मी. जी बाई चारचौघांत स्वतःची चूक सांगते, तिच्याच हातून टोचून घ्यायचं, असं ठरवलं होतं.”

माझी मान ताठ झाली, आणि खरं सांगते, अभिमानाने डोळे भरून आले.

टोचल्यावर बाळावर अर्धा तास लक्ष ठेवायचं असतं. आम्ही दारातल्या पायरीवर बसलो. तो माझ्या डावीकडे. आत हुंदके थांबले होते.

“सिस्टर,” तो समोर बघत म्हणाला, “मागच्या अर्ध्या तासाचा निकाल वाईट लागला. या अर्ध्या तासाचा... काय लागेल?”

“रिपोर्ट लिहिणार आहात?”

“खरं असेल तेच लिहीन.”

“मग लिहा...” माझे कान तापले, पण मी नजर वळवली नाही. “मला तुम्ही आवडता. फार आवडता. आणि या वेळी माझी काही चूक झालेली नाही.”

त्याने खिशातून पेन काढलं, माझ्या हातात दिलं आणि स्वतःचा तळवा पुढे धरला.

“सही करा,” तो म्हणाला.

मी केली.