जांभळे पाणी

सौसनने डबा उघडला... आत एकही फोटो नव्हता!

ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या, दोन फोटोंमध्ये घालायला तिने मापात कापलेले पातळ कागद होते, दर आठवड्याची नोंद असलेली तिची वही होती. पण १९७३ च्या ऑक्टोबरच्या युद्धात हेलिकॉप्टरने सुवेझ कालव्यापलीकडे उतरलेली बाबांची ती कमांडो तुकडी, ते बारा तरुण चेहरे, ज्यांतले बाबा एकटेच परतले, ते सारे नाहीसे झाले होते.

बाल्कनीत जाबेर चहाचा ग्लास धरून इस्माइलियाच्या घरांमागून सरकणारे जहाज बघत होते.

"बाबा, फोटो कुठे आहेत?"

"कसले फोटो?" म्हणत त्यांनी नजर चोरली.

वर्षभरापासून त्यांची स्मृती विरत चालली होती, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. पण खरोखर विसरलेला माणूस नजर चोरत नाही! आणि डब्याची दुसरी किल्ली बाबांच्याच गळ्यात असे. गेले दोन महिने धाकटा भाऊ रिफअत दर शुक्रवारी कैरोहून येत होता, बाबांच्या खोलीचे दार लावून घेत होता आणि तिला म्हणत होता, "ताई, चहा टाक ना, आमच्या जरा पुरुषांच्या गोष्टी चालल्यात."

दहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा सौसन अलेक्झांड्रियाची प्रयोगशाळा सोडून घरी आली होती. ठरलेल्या मुलाने दोन वर्षे वाट पाहिली, मग त्याने दुसरीकडे लग्न केले. तिने कुणाला बोल लावला नाही. कुजत चाललेल्या अल्बममधून बाबांचे आयुष्य वाचवायचे, एवढाच एक ध्यास तिने धरला होता... आणि त्याच बाबांनी तिच्या पाठीमागे किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली होती!

दुपारच्या नमाजानंतर रिफअत आला.

"डबा रिकामा आहे," ती म्हणाली.

बुटाची नाडी सोडताना त्याने मानही वर केली नाही. "हो."

"हो? एवढंच? कुठल्या टीव्हीवाल्याला दिलेस? कैरोत मिरवायला बाबांचे मेलेले मित्र लागतात होय रे तुला?"

"ज्यांना द्यायचे त्यांना दिले. हळू बोल, बाबा ऐकतील."

"ऐकू देत! अल्बमच्या सडक्या पानांवरून मी एकेक फोटो पाण्यात भिजवून सोडवत होते, तेव्हा कुठे होतास तू?"

रिफअतचा चेहरा एकदम पडला. "मला चोर म्हण, ताई. काय हवं ते म्हण. पण बाबांना काही विचारू नकोस... हात जोडतो!"

तेवढ्यात दार वाजले. काळ्या पोशाखातली साठीची एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती.

"हाजी जाबेरचं घर हेच ना? मी महरूसची बायको, जाहिया. शर्कियाहून आलेय. तुपातलं पापुद्र्यांचं फतीर आणलंय, गरम होतं गं, बसवाल्यानंच गार केलं!"

महरूस! अल्बमच्या पानावर डावीकडून तिसरा, हनुवटीवर खळी असलेला... सौसनला ते बाराही चेहरे पाठ होते.

जाहिया थेट जाबेरांपुढे जाऊन बसली. "तीस वर्षं त्याला शिव्या घातल्या मी. म्हटलं, एक शब्द न बोलता गेला मेला! आणि तो काय सांगून गेला होता, तर म्हैस व्याली की पहिलं दूध तुझ्या आईकडे धाड, माझ्या आईला कळू देऊ नकोस!" ती हसता हसता रडू लागली. मग तिने ओढणीआडून फोटो काढला. "तुमच्या या पोरानं निरोप वेगळ्या कागदावर लिहून दिला. पण फोटोच्या पाठीवर हा जांभळा डाग कसला?"

सौसनने फोटो उलटा केला. डाग ढगासारखा पसरला होता.

तिला वहीतली स्वतःची ओळ आठवली: 'पाणी जांभळे झाले. बहुधा अल्बमच्या कागदाचा रंग.' अल्बमची पाने काळी होती! बाबांच्या खिशातली ती शाईची पेन्सिल... कोरडी असली की करडी, ओली झाली की जांभळी. जिभेला लावून ते वाणसामानाची यादी लिहीत, आणि लहानपणी त्यांच्या जिभेवरचा ठिपका पाहून ती हसत असे. तिनेच तपासले नव्हते. तिनेच ते शब्द धुऊन टाकले होते!

"त्या अकरा जणांना लिहिता येत नव्हतं," रिफअत हळूच म्हणाला. "निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी एकेकाचा निरोप त्याच्या फोटोच्या पाठीवर लिहून घेतला. कुणी वाचू नये म्हणून पाठ अल्बमला चिकटवली. एकटेच परतले, मग कुणाच्या दारात जायचा धीर झाला नाही. तू फोटो धुतलेस, तेव्हापासून रोज ते निरोप पुटपुटत राहिले. आता विसरायला लागले, म्हणून मला लिहून घ्यायला आणि फोटोंसह घरोघरी पोचवायला बोलावलं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली."

ते पुटपुटणे... ती त्याला प्रार्थना समजत होती!

"दहा वर्षं कीव केलीत माझी!" ती म्हणाली. "एकदा रागावला असतात, बाबा... एक थोबाडीत मारली असतीत, तीही सोसली असती मी! पण हे?"

जाबेरांनी ग्लास खाली ठेवला. "तू ते दोरीवर वाळत घातलेस. मला हाक मारून दाखवलेस. आई गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसली होतीस, पोरी... मी काय बोलणार होतो?"

तिने त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले आणि ती हमसून हमसून रडली. थोड्या वेळाने रिफअतकडे न बघताच म्हणाली, "चोर म्हटलं तुला."

"कुठे म्हटलंस? 'म्हण' असं मीच म्हणालो. तू तर टीव्हीवाल्यालाच धरून बसली होतीस. ऊठ, फतीर वाढ."

जाबेरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून बारावा फोटो काढला. त्यांचा स्वतःचा. त्याच्याही पाठीवर तोच जांभळा ढग होता.

"यावर काय होतं, बाबा?"

"तुझ्या आईसाठी होतं..." ते बराच वेळ आठवत राहिले. "अकरा जणांचं पाठ करत बसलो गं. माझं मात्र राहून गेलं."

सौसनने साधी, शिशाची पेन्सिल आणली. फोटो पालथा करून गुडघ्यावर ठेवला.

"मग आता सांगा. मी लिहिते."

"आधी तुझं नाव घाल," जाबेर म्हणाले.

तिने नाव लिहिले. त्यावर टपकन एक थेंब पडला, आणि सवयीने तिने श्वास रोखला... अक्षरे तशीच राहिली.

"हं," ती म्हणाली, "पुढे?"