निकाल सापडले : एक

आधीच सांगते, हे खरं घडलंय. मी नववीत आहे आणि थापा छान मारते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ताईच्या डाव्या मनगटात दोन स्क्रू आहेत. ती थाप नाही.

शनिवार होता. दुपारचे अडीच. ताईच्या नर्सिंग कॉलेजची लायब्ररी, तिसरा मजला. बाहेर लख्ख ऊन.

ताई शेवटच्या वर्षाला. सोमवारपर्यंत तिला दहा संशोधन लेख शोधून द्यायचे होते, नाहीतर प्रोजेक्ट रद्द आणि वर्ष वाया. विषय मॅडमनी दिलेला : बरळणाऱ्या रुग्णांचे हात कॉटला बांधणे. हा विषय मिळाल्यापासून ताई नीट जेवत नव्हती. का, ते सांगत नव्हती.

लेखांचा डेटाबेस फक्त लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर उघडतो, आणि तिची वॉर्डात ड्यूटी. म्हणून मी. घरात मला सर्चबाई म्हणतात, उगाच नाही. ताईनं पासवर्ड दिला, चारपर्यंत येते म्हणाली आणि गेली. लायब्रेरियन बाई चहाला गेल्या.

आत मी एकटीच.

शब्द टाकले. रुग्ण. हात. बांधणे.

निकाल : चार हजार एकशे बारा.

एवढे कोण वाचणार? फिल्टर लावला. फक्त गेल्या पाच वर्षांतले.

तीनशे शहाऐंशी.

आणि मागून आवाज आला... कर्र्र. बँडेज फाडल्यासारखा.

वळून पाहिलं. कपाटं. रिकाम्या खुर्च्या.

फक्त स्त्री रुग्ण. एकेचाळीस.

माझं मनगट आवळलं. घड्याळाचा पट्टा असेल म्हणून सैल करायला गेले...

घड्याळ मी घातलंच नव्हतं.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी पडले हुशार. वय पासष्टच्या पुढे. क्लिक.

निकाल : एक.

फक्त एक? मग या शोधात नवा लेख आला की मला मेल यावा, असं बटण दाबून ठेवलं. एवढं ताईला सुचलं नसतं.

कुठेतरी लोखंडी कॉट हादरली. खडखड... खडखड...

मग गप्प.

लेखावर कुणाचं नाव नव्हतं. 'रुग्ण स्त्री, वय बहात्तर. विद्यार्थिनी परिचारिकेने दोन्ही हात कॉटच्या दांड्यांना बांधले. रुग्णाने चाळीस मिनिटे हिसके दिले, हाका मारल्या. डावे मनगट मोडून हाड बाहेर आले. कॉट उलटली. मान दांड्यांत अडकून मृत्यू. विद्यार्थिनी बाहेर फोनवर बोलत होती.'

खाली शेवटची ओळ : 'या विषयावर आणखी अभ्यासाची गरज आहे.'

"हे कुणी लिहिलं?"

ताई. कधी येऊन मागे उभी राहिली, कळलंच नाही. तिचा चेहरा युनिफॉर्मपेक्षा पांढरा.

"तेव्हा वॉर्डात माझ्याशिवाय कुणी नव्हतं," ती म्हणाली.

मी विचारलं, "ताई, फोनवर तू होतीस?"

लेख बंद करायला तिनं डावा हात माउसवर ठेवला.

तो हात तिला उचलताच येईना.

तिनं हिसका दिला. मी तिला कमरेला धरून ओढलं. कुणीतरी आम्हा दोघींना उलट ओढलं. मी कपाटावर आपटले, ओठ फाटला, तोंडात रक्त आलं. ताईचा हात वर उचलला जात होता आणि टेबलाच्या कडेवर आपटत होता... पुन्हा... पुन्हा... ती उचलत नव्हती.

मग काड्कन आवाज झाला.

पांढऱ्या बाहीतून त्याहून पांढरं हाड बाहेर आलं. कीबोर्डभर रक्त.

स्क्रीनवर फक्त शोधायची रिकामी चौकट.

नंतर मी तोच शोध, तेच फिल्टर लावून पाहिले. निकाल : शून्य.

ताईनं मॅडमना सगळं कबूल केलं. चौकशी झाली, वर्ष गेलं. या महिन्यात ती पुन्हा वॉर्डात जायला लागली. दर शनिवारी अडीचला मला मेल येतो. 'नवीन निकाल : शून्य.' मी तो मोठ्यानं वाचून दाखवते, मगच ती जेवते.

आज शनिवार. ताईची ड्यूटी आहे.

'नवीन निकाल : एक.'

मी मेल उघडलेला नाही. बाबा स्कूटर काढून हॉस्पिटलकडे निघालेत. मी ताईला फोन लावतेय...

रिंग शेजारच्या खोलीतून येतेय.

ती आता वॉर्डात फोन नेत नाही.