एकविसावी जागा

रविवारी पहाटे पाच वाजता राजरत्न स्वयंपाकघरात परातीत चारा मळत होता. शेंगदाण्याची पेंड, भाजक्या चण्याचं पीठ, थोडा गूळ आणि शीलाच्या नकळत घेतलेलं चमचाभर तूप. नकळत म्हणजे काय, तर शीला दारात उभी राहून सगळं बघत होती.

"माशांना तूप आणि आम्हाला पाम तेल," ती म्हणाली.

"वास सुटला पाहिजे गं. नाहीतर कटला फिरकत नाही."

"फिरकू दे, नाहीतर नको. तुम्ही चारच्या आत घरी या. वैष्णवीला स्टेशनवर सोडायला जायचंय. मागच्या वेळी तुम्ही वर्कशॉपमध्ये अडकलात आणि पोरगी एकटी बॅग ओढत गेली."

वैष्णवी म्हणजे त्यांची मुलगी. नाशिकला नर्सिंग शिकत होती, सुट्टी संपली होती. राजरत्नने तीनलाच येतो म्हणून सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. शिवमंदिराच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, शेवटचं दार त्याचं. ते हळूच ओढून घेऊन, रॉडची लांबलचक पिशवी खांद्याला लावून तो स्कूटरवर बसला आणि बदलापूरच्या दिशेने निघाला.

गळ टाकून बसणाऱ्या माणसांना लोक आळशी समजतात. त्यांनी एकदा कमलेशच्या खाणीवरची स्पर्धा बघावी. बदलापूर गावाच्या पलीकडे ही दगडाची जुनी खाण, काम बंद पडल्यावर पाण्याने भरलेली. कमलेश तिच्यात दर पावसाळ्यात रोहू, कटला, सायप्रिनसचं बीज सोडतो. काठावर एकवीस जागा. प्रत्येक जागेभोवती कबड्डीच्या मैदानासारखा फक्कीचा पांढरा चौकोन. आठला शिट्टी, एकला शिट्टी. पकडलेले मासे जाळीच्या लांब पिशवीत घालून पाण्यातच जिवंत ठेवायचे, शेवटी त्यांचं वजन करायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. ज्याचं वजन जास्त, तो जिंकला. मोबाइलसुद्धा कमलेशकडे जमा.

आणि एक नियम सगळ्यांच्या वर होता. वजन झाल्याशिवाय चौकोनाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पूर्वी काही महाभाग मध्येच उठून झुडपात जायचे आणि बाजारातला मासा घेऊन यायचे. म्हणून हा नियम. शिट्टी झाली तरी वजनाचा काटा तुमच्यापर्यंत येईपर्यंत बसून राहायचं.

काटा बरीच वर्षं राजरत्नच्या हातात असे. कॅम्प चारमधल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा माणूस, सुताएवढी चूक खपवून न घेणारा. ताणकाट्याच्या मुठीला त्याने स्वतः निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. राजाभाऊंनी सांगितलं म्हणजे झालं, असं लोक म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तेच नडलं. कमलेशचे चुलते सोमा त्या दिवशी एकविसाव्या जागेवर होते. सत्तरीचे, हट्टी, नियमाला चिकटून बसणारे. ती जागा खाणीच्या कापलेल्या कड्याखाली, घाणेरीच्या झुडपांतून लांबचा वळसा घालून जावं लागतं, आणि तिथे मासा सहसा लागत नाही. उन्हाने डोकं भणभणत होतं. विसाव्या जागेवरूनच राजरत्नने हाक मारली, "सोमाशेठ, काय आहे का?" उत्तर आलं नाही. शेजारी वजनं लिहून घेणारा नरेंद्र वही घेऊन उभा होता. राजरत्न त्याला म्हणाला, "शेवटच्याला काय असणार? शून्य लिही." नरेंद्रने लिहिलं आणि दोघे सावलीत सरबत प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा सापडले. उलट्या बादलीवर बसलेले, डोक्याला लाल पंचा, अंग गार पडलेलं, पाठ कड्याला टेकलेली, जाळीची दोरी मनगटाला गुंडाळलेली. पाय चौकोनाच्या आत. जाळीत मासे होते, सगळे मेलेले.

लोकांनी विचारलं तेव्हा राजरत्न म्हणाला, "मी गेलो होतो तिथपर्यंत. जागा रिकामी होती. मागाहून परत येऊन बसले असतील." नरेंद्रने मान डोलावली. राजाभाऊंनी सांगितलं म्हणजे झालं. त्यानंतर स्पर्धा बंद राहिली. ती पुन्हा ठरली तेव्हा राजरत्नने काटा घ्यायला नकार दिला, आणि त्याचं कारणही त्याला कोणी विचारलं नाही.

आज दोन वर्षांनी स्पर्धा पुन्हा होत होती. जानेवारीची थंडी होती. खाणीच्या तोंडाशी सोमांची बायको पुतळाबाई चहाची किटली घेऊन बसली होती. तिने राजरत्नला कप दिला, पैसे घेतले नाहीत.

"राजाभाव, एक इचारू?" ती हळूच म्हणाली. "त्या दिशी जागा रिकामीच व्हती ना? तू सोता पायलंस ना?"

त्याने चहावर फुंकर मारली. इथे खरं बोलून टाकता आलं असतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि म्हातारीच्या डोळ्यांत रागही नव्हता, तिला फक्त एकदा नीट ऐकायचं होतं.

"रिकामीच होती, मावशी," तो म्हणाला. "मी पाहिली."

पुतळाबाईने मान हलवली आणि दुसऱ्याचा कप भरायला घेतला.

जागांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात होत्या. राजरत्नच्या हाताला आली ती एकवीस. कमलेशचा चेहरा उतरला. "काका, दुसरी उचला. कोण काय बोलणार नाय."

सगळे बघत होते. चिठ्ठी बदलली तर का बदलली हा प्रश्न आलाच असता. "नियम म्हणजे नियम," राजरत्न म्हणाला आणि सामान उचलून घाणेरीच्या वाटेला लागला.

चौकोन चांगला ऐसपैस होता, चार पावलं लांब, चार पावलं रुंद. त्याने बादली उलटी घालून बैठक केली, चाऱ्याचे गोळे पाण्यात टाकले, गळ सोडला. आणि नवल म्हणजे साडेनऊपासून मासा लागायला लागला. आधी एक कटला, मग दोन रोहू, मग एक जाडजूड सायप्रिनस. बारापर्यंत सात मासे जाळीत होते. राजरत्नला मनातल्या मनात हसू आलं. उगाच घाबरलो, असं त्याला वाटलं.

साडेबाराला पाण्यावरून धुकं आलं. बदलापुरात हिवाळ्याच्या सकाळी धुकं नवीन नाही, पण ते उन्हं चढली की विरतं. हे भर दुपारी आलं. आधी समोरचा काठ गेला, मग पाणी गेलं, मग गळाचं तरंगतं बूचही दिसेना. एकची शिट्टी ऐकू आली, पण फार लांबून. राजरत्नने दोरी आवळली आणि वजनाची वाट बघत बसला.

काट्याचा आकडा कडीला लागून वाजतो, तो आवाज त्याच्या ओळखीचा. खण्ण... खण्ण... एकेका जागेवर थांबत तो जवळ येत होता. माणसांची कुजबूज येत होती. आवाज विसाव्या जागेशी आला. थांबला. आणि मग आल्या वाटेने परत निघाला.

"अरे कमलेश," त्याने हाक मारली. "मी राहिलोय. इकडे एकवीसला..."

आवाज लांब गेला आणि बंद झाला.

त्याने वाट पाहिली. किती वेळ, ते कळेना. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुन्हा केव्हातरी पाहिलं तेव्हाही एक वाजून दहाच झाली होती. चारच्या आत घरी... वैष्णवीची बॅग भरून झाली असेल. गेली स्पर्धा खड्ड्यात, असं म्हणून तो उठला, फक्कीची रेघ ओलांडली आणि कड्याला हात लावून चालायला लागला. दगड गार होता, ओला होता. शंभर पावलं झाली असतील. समोर फक्कीची रेघ आली, आणि आत त्याचीच उलटी बादली.

तो उलट्या दिशेने गेला. घाणेरीचे काटे हाताला लागले, रक्त आलं. परत तीच बादली. आता मात्र त्याच्या लक्षात आलं की चौकोन लहान झालाय. दोन पावलांत संपत होता. तिसऱ्यांदा तो पळालाच, आणि परत येऊन आपटला तेव्हा रेघ बादलीच्या चारी बाजूंनी वीतभरावर होती. त्याला पाय जवळ घेऊन, अंग चोरून बसावं लागलं. आता त्याला खरोखरच भीती वाटली.

थंडी नाहीशी झाली होती. मे महिन्यातल्या दुपारसारखी धग धुक्यातून येत होती, आणि तिच्यासोबत उन्हात पडलेल्या मासळीचा वास. डावीकडे, हाताच्या अंतरावर, आणखी एक बादली होती. तिच्यावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. डोक्याला लाल पंचा गुंडाळलेला.

"आलास..." तो आवाज थकलेला होता. "मना वाटला, कोन येतच नाय."

राजरत्नने डोळे मिटले. उघडले. ते तिथेच होते.

"सोमाशेठ... मला जाऊ द्या. पोरगी वाट बघतेय."

"मी कुटं धरलाय तुला? मी पन बसलोच हाय. वजन झाल्याबिगर कसा उठू?" त्यांनी मान वळवली नाही. "काटा तुज्याकडंच असतो ना? माजा वजन कर. मग तू जा, मी पन जातो."

कड्याच्या खुंटीला ताणकाटा लटकत होता. मुठीला निळी चिकटपट्टी. आणि राजरत्नच्या हातात दोरी होती, ओली, काळी पडलेली. ती त्याची नव्हती.

त्याने ओढून पाहिलं. जाळी जड होती. थोडी वर आली, मग खालून काहीतरी हललं. मासा असा हलत नाही. पाण्याखालून कोणीतरी दोन्ही हातांनी दोरी सावरून धरावी, तशी ती आवळली गेली. वास अंगावर आला. राजरत्नची बोटं आपोआप सैल झाली आणि दोरी सळसळत पाण्यात परत गेली.

उचलायला पाहिजे होतं. हे त्याला त्याही क्षणी कळत होतं. पण हात पुढे झाला नाही, जीभ मात्र सवयीने चालली.

"अकरा किलो... चारशे," तो म्हणाला.

लाल पंचा जरासा हलला.

"नक्की?"

"नक्की."

"उचललास ना? सोता पायलास ना?"

"उचलली. पाहिली."

सोमांनी सुस्कारा सोडला. "बरा," ते म्हणाले. "राजाभाव बोलला म्हंजे जाला. जा मग."

"काका..." खांद्यावर हात पडला. राजरत्न दचकून उठला. लख्ख ऊन होतं. कमलेश काटा घेऊन उभा होता. "झोप लागली काय? शिट्टी होऊन आताशी दहा मिनिटं झालीत. तुमच्यापासूनच सुरुवात करू म्हटलं."

कड्याला खुंटी नव्हती. शेजारी दुसरी बादली नव्हती. फक्कीचा चौकोन चार पावलांचा होता. कमलेशने जाळी वर काढली. ती धड होती, दोरी जशीच्या तशी बांधलेली, आणि आत एकही मासा नव्हता.

"शून्य लिहू का, काका?" त्याने बिचकत विचारलं.

"लिही," राजरत्न म्हणाला.

निकालाला तो थांबला नाही. पुतळाबाईच्या समोरून जाताना त्याने मान खाली घातली. मनाशी म्हणत होता, पुढच्या रविवारी येईन, तिला सगळं सांगेन. पुढच्या रविवारी नक्की.

तीनला पाच कमी असताना तो घरी पोचला, आणि शीलाला त्याचंच अप्रूप वाटलं. तिने चहा टाकला. त्याने हातपाय धुतले आणि दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसला. घर नेहमीचं होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी वैष्णवीची बॅग, कुकरचा वास. बाहेर पडलो एकदाचा, असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

साडेतीनला वैष्णवी चपला घालून समोर उभी राहिली. "चला ना पप्पा. निघू या."

"चल," तो म्हणाला आणि उठायला गेला.

पाय हलले नाहीत.

"पप्पा?"

शीला स्वयंपाकघरातून कप घेऊन आली आणि मध्येच थांबली. "हे काय सांडलंत हो फरशीवर? आत्ता तर पुसली होती मी."

राजरत्नने खाली पाहिलं. खुर्चीच्या चारी बाजूंनी, वीतभर अंतरावर, पांढरी रेघ होती. सरळ, नुकतीच मारलेली. त्याने नकळत गुडघे जवळ घेतले.

"कोणीतरी येतंय वाटतं," वैष्णवी जिन्याकडे कान देऊन म्हणाली.

खण्ण... खण्ण... आवाज जिना चढून वर आला. पॅसेजमधल्या पहिल्या दाराशी थांबला. मग दुसऱ्या. मग शेजारच्या. राजरत्नने सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, इथे, अजून मी राहिलोय, असं त्याला ओरडायचं होतं. त्याआधीच बाहेर कोणीतरी बोललं.

"शेवटच्याला काय असणार? शून्य लिही."

पावलं जिना उतरायला लागली. वैष्णवीच्या हातातून बॅगचा पट्टा सुटला. ती बंद दाराकडे बघत होती, मग खुर्चीकडे, मग पुन्हा दाराकडे.

"पप्पा," ती म्हणाली, "बाहेर तुमचा आवाज कसा आला?"