तिसऱ्या लाथेनंतर

१९९६ सालची गोष्ट. तेव्हा गेम खेळायचा म्हणजे घराबाहेर पडायचं आणि अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून उभं राहायचं. मामाच्या गेमघरात खाली मशिनं होती आणि वरच्या दोन खोल्यांत त्याचा स्वतःचा मारामारीचा गेम तयार होई. त्यातल्या योद्ध्यांचा तोल सांभाळणं, म्हणजे कोणाचा ठोसा किती लागावा, कोणी किती चपळ असावं, हे त्याच्या भाचीचं काम.

त्या वर्षी तिने बगळ्याला हात लावला आणि मोहोळ उठलं.

बगळा हा एका पायावर उभा राहणारा योद्धा. त्याची एक लाथ बसली की पाठोपाठ सहा बसत. समोरच्याला मध्ये काही म्हणता काही करता येत नसे. हाच तो गाजलेला कॉम्बो. तिने तिसऱ्या लाथेनंतर निसटायला क्षणभराची फट ठेवली. एवढंच.

"ही कोणाची अक्कल?" नव्या मशिनपाशी मागून कोणीतरी विचारलं.

"माझी," ती वळून म्हणाली.

कोपऱ्यावरचा घड्याळवाला होता. भिंग लावून लावून एका डोळ्याभोवती गोल वळ उठलेला. तो गडबडला.

"मग... अक्कल चांगली आहे. लावली चुकीच्या जागी. बोटं बसवायला मला वर्ष लागलं हो."

"आणि तुमची बोटं चालू असताना समोरच्याने काय करायचं? चहा पिऊन यायचं?"

"पहिली लाथ लागूच द्यायची नाही."

त्याचंही काही चूक नव्हतं – आणि तेच तिला आवडलं नाही.

मामाने मात्र हात वर केले. "रविवारी सगळ्यांना बोलावलंय. पटवलंस तर ठीक, नाहीतर बगळा होता तसा. गिऱ्हाईक तुटलं तर मी काय मशिनांना पाणी घालत बसू?"

तोवर ती रोज संध्याकाळी, बदल न झालेल्या जुन्या मशिनवर, घड्याळवाल्याशी खेळू लागली. पहिल्या दिवशी त्याने सातही लाथा घातल्या. चौथीला तिने मशिनच्या दांड्यावरचा हात काढला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या लाथेला त्याचा हात थांबला. ती निसटली, तिने त्याला आडवा केला.

"हुकलं?"

"हुकलं."

तिसऱ्या दिवशीही तेच. केसाएवढा काटा चिमट्याने बसवणारा हात रोज तिथेच कसा हुकतो? ही दया की थट्टा? तिला उमगेना. आणि घरी गेल्यावर बगळा आठवायच्या ऐवजी त्याची मनगटं का आठवावीत, तेही उमगेना.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"मेहनतीला काही किंमत आहे की नाही?" पुढच्या रांगेतला दाढीवाला तावातावाने म्हणाला.

"आहे. जिंका की," ती म्हणाली. "पण दोघांचा खेळ एकट्याने खेळायचा, ही कसली मेहनत?"

कुजबुज वाढली. कोणी मान हलवली, कोणी नाक मुरडलं. मामा घड्याळवाल्याकडे वळला. "तुम्ही बोला. बगळ्याचे वकील तुम्हीच."

तो उभा राहिला. "मला बदल पटलेला नाही. पण... मी हल्ली पुरा कॉम्बो लावतच नाही. चौथी लाथ बसली की ह्या हात काढून घेतात, गप्प होतात. मग मी एकटाच राहतो. आणि मला तर... ह्यांच्याशी खेळायचं असतं."

"बगळ्याची बाजू घेतोयस की तिची, ते एकदा ठरव बाबा," दाढीवाला म्हणाला. खोली हसली.

"बदल राहील," मामा छताकडे बघत म्हणाला. "बाकीचं घरी बोलू."

आपण जिंकलो की हरलो, या गोंधळातच तिने त्याला घड्याळांच्या दुकानाच्या दाराशी गाठलं.

"मघाशी ते... बदलाबद्दल होतं ना?"

"माझंही नक्की होत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं," ती म्हणाली, "तू मला तुम्ही म्हणणं सोड."

पुढे घरोघरी गेम आले, गेमघर बंद पडलं. मामा शेवटपर्यंत भाचेजावयाच्या दुकानात बसून घड्याळं न्यायला आलेल्यांना बगळ्याच्या कथा ऐकवत असे. दाढीवाला स्पर्धांचा पंच झाला. आता लोक त्याच्यावर ओरडतात.

आणि ती दोघं? जेवता जेवता तो अजून म्हणतो, फट तिसऱ्या नाही, चौथ्या लाथेनंतर हवी होती. तिला कधीच कळून चुकलंय की त्याचं बरोबर आहे. पण अजून तिने तसं सांगितलेलं नाही.