डिचोलीचं कार्ड कोणी फाडलं?

"सर, आमची डिचोली तुम्ही फाडली का?"

प्रश्न विचारून झाला आणि विनोदिनीच्या कानांत स्वतःचाच आवाज घुमत राहिला. मागे पायरीवर सेजल आणि योगेश श्वास रोखून उभे होते. पैज त्यांचीच होती. "विचारून दाखव, मग या सुट्टीतली सगळी खळ मी ढवळीन," सेजल म्हणाली होती. चुलीपाशी उभं राहून कणकेची खळ ढवळायची म्हणजे विनोदिनीला शिक्षा वाटे. पण गेल्या वर्षीची विनोदिनी असती, तर तिने शिक्षाच पत्करली असती. तेव्हा हजेरी देताना तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. यंदा तिने केलेलं निरोपाचं कार्ड मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर उंच धरलं, आणि तेव्हापासून तिला गप्प बसवणं घरच्यांना जड जात होतं.

शाळेत शिकवणाऱ्या आणि वाड्यावरचं वाचनालयही सांभाळणाऱ्या कृष्णनाथ सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी फाडली?"

"सभागृहाला कुलूप होतं, सर. खिडक्या आतून बंद. आणि चावी फक्त तुमच्याकडे."

डिचोली तालुक्यात, मुळगाव आणि शिरगाव यांच्यामध्ये, खाणीच्या डोंगराखाली, हा आंबेवाडा. साल १९८८. तीस मे रोजी गोवा राज्य होऊन एक वर्ष पुरं होणार होतं. त्या दिवशी वाड्यावरच्या वाचनालयाच्या सभागृहात सोहळा होता. निमंत्रणं आणि सजावट या तिघांकडे. एकशेवीस कार्डं, प्रत्येक पाहुण्यासाठी एक कागदी डबी, डबीत दोन पेपरमिंटच्या गोळ्या. शिवाय व्यासपीठामागच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर अकरा तालुक्यांची अकरा मोठी कार्डं, कडेला कड लावून, खळीने पक्की चिकटवलेली. जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद, वहीत दाबून सुकवलेली आबोली, पिंपळाच्या पानाची जाळी, जे मिळालं ते त्यात होतं. पेडण्याच्या कार्डावर दशावतारातला मुकुट, सत्तरीच्या कार्डावर काजू, डिचोलीच्या कार्डावर पितळी समई.

आणि ती समई दोन दिवसांत दोनदा मधोमध फाटली होती. बाकी दहा तालुके धडधाकट.

सर रागावले नाहीत. त्याचंच जास्त भय वाटलं. त्यांनी आतल्या खिशातून चावी काढून विनोदिनीच्या तळहातावर ठेवली. "उद्या दिवसभर ही तुझ्याकडे. चोर पकड. नाही सापडला, तर मात्र माझी माफी मागायची. याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी डिचोलीचं नवं कार्ड चिकटवलं, खिडक्यांच्या कड्या दोनदा तपासल्या आणि कुलूप लावून पायरीवर ठाण मांडलं.

"माका विचारशात तर काम पेडणेकरांचाच," योगेश म्हणाला. त्याचं घर मूळचं सावंतवाडीकडचं. वडील खाणीवर टिपर ट्रक चालवत. "पेडणा बरा सुखरूप ऱ्हवला."

सेजल पेडण्याहून मावशीकडे सुट्टीला आलेली. "हय रे, मी पेडण्यातून कात्री घेऊनच आले ना? तुझा बोकड कुठे होता काल?"

"माझो बोकड कुलूप उघडता?"

"गप बसा दोघं," विनोदिनी म्हणाली. "साडेबारा होत आले."

साडेबाराला खाणीवर भोंगा वाजला. लांबलचक, कर्कश. म्हणजे सुरुंग उडणार. वाड्यावरच्या कोंबड्यांनासुद्धा त्याची सवय झाली होती. जमिनीतून एक धक्का आला, छपरावरचे कौलारू नळे किणकिणले, आणि सगळं पुन्हा शांत झालं.

मग बंद दाराआडून आवाज आला. टर्र.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विनोदिनीने घाईघाईने चावी कुलपात फिरवली. दार उघडलं. सभागृह रिकामं होतं. खिडक्या बंद. पडद्यामागे कोणी नाही, बाकांखाली कोणी नाही. आणि भिंतीवरची समई वरून खालपर्यंत फाटलेली.

योगेशने दोन्ही तुकडे बोटांनी जवळ आणून पाहिले. "जुळना नाय गो."

खरंच जुळत नव्हते. फाटलेल्या कडांमध्ये खाली केसाएवढी फट होती, वर चांगली दोऱ्याएवढी. कागद कोणी फाडला नव्हता. तो दोन्ही बाजूंनी ओढला गेला होता.

विनोदिनीने कार्ड ओलं करून सोलून काढलं. खाली ताजा गिलावा, त्यावर ताजा चुना, आणि त्यातून खालून वर गेलेली एक बारीक रेघ. तिने बोटाच्या पेराने ठोकलं. भिंत पोकळ वाजली.

"आठ दिवसांआधी गोकुळदासबाबांनी गिलावो मारून घेतलेलो," योगेश हळूच म्हणाला. गोकुळदासबाब म्हणजे वाचनालय समितीचे अध्यक्ष. मग त्याचा चेहरा बदलला. "विनू, अंकिता हयच उभी ऱ्हवतली."

अंकिता त्याची पाच वर्षांची बहीण. सोहळ्यात बालवाडीची बावीस मुलं याच भिंतीला पाठ लावून गाणं म्हणणार होती. त्यांना उभं राहायला छोटी स्टुलं आधीच मांडून झाली होती.

विनोदिनीने सजावटीचा डबा उघडून पतंगी कागद काढला. जरा ओढला तरी फाटणारा, सगळ्यात नाजूक. तिने बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या कापल्या. योगेशने शिडी धरली. एक पट्टी रेघेच्या वरच्या टोकाशी, एक मध्ये, एक खाली. प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलं: २८ मे, दुपारी दीड.

"फाटल्या नाहीत, तर मी वेडी," ती म्हणाली. "फाटल्या, तर भिंत चालते आहे."

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या भोंग्यानंतर तिन्ही पट्ट्या फाटलेल्या होत्या.

कृष्णनाथ सर शिडीवर चढून बराच वेळ पाहत राहिले. खाली उतरले तेव्हा सोललेल्या तिन्ही पट्ट्या त्यांच्या हातात होत्या, आणि त्यांनी माफीचं नावसुद्धा काढलं नाही. "चला, गोकुळदासकडे," एवढंच म्हणाले.

गोकुळदासबाब अंगणात माइकच्या वायरी मोजून घेत होते. त्यांनी ऐकलं आणि हसले. "ती भेग? अगो, माझ्या लग्नाच्या आधीची ती. जुनी आहे."

"जुनी भेग कालचा कागद फाडत नाही, गोकुळदासबाब," विनोदिनी म्हणाली.

"खळ सुकली की कागद आखडतो. फाटतो."

"मग पेडणं का नाही फाटलं? तीच खळ, तोच कागद."

त्यांचं हसू थोडं कमी झालं. "सर, पोरींना शाळेत काय शिकवता हल्ली? उद्या पाहुणे येणार, आणि आज मी जागा बदलू? लोक काय म्हणतील? भिंती आम्ही बघतो. तुम्ही संध्याकाळी कार्डं वाटा, जा."

"निदान उद्या सुरुंग तरी थांबवायला सांगा," सेजल म्हणाली.

"ता जमाचा नाय," योगेश म्हणाला. "बाबा म्हणतत, मुरगावाक बोट लागली हा. पावसाआधी माल जावकच होयो. उद्या सुट्टी नाय."

सर समितीच्या आणखी दोघांकडे गेले. दोघांनीही गोकुळदासबाबांकडेच बोट दाखवलं.

विनोदिनीने घरी जेवताना सगळं सांगितलं. तिचे बाबा, रघुनाथ, खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते. त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. "जुन्या भिंतींना भेगा असतातच, विनू. मोठ्यांच्या कामात नाक घालू नये." मग ते उठले आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. ते सरळच होतं. आई सुशीला एकदा कॅलेंडरकडे आणि एकदा बाबांकडे बघून पुन्हा चुलीकडे वळली.

दुपारी सेजलच्या मावशीच्या पडवीत एकशेवीस कार्डांचा ढीग तिघांच्या मध्ये पडला होता. प्रत्येकाच्या तळाशी विनोदिनीच्याच वळणदार अक्षरांत लिहिलेलं: स्थळ, वाचनालयाचं सभागृह.

"फाडून टाकूया," योगेश म्हणाला. "कार्डां नाय तर लोक नाय."

"लोकांना तोंडी कळलंय रे. येतीलच," सेजल म्हणाली.

विनोदिनी तोरणासाठी आणलेल्या हिरव्या घोटीव कागदाकडे पाहत होती. तिने कात्री उचलली आणि बोटभर लांबीचं एक आंब्याचं पान कापलं. ते कार्डाच्या तळाशी ठेवलं. शेवटची ओळ नेमकी झाकली गेली. मग तिने पानावर लिहिलं: देवळासमोरच्या आंब्याखाली.

सेजलचे डोळे मोठे झाले. "ह्याला फसवणूक म्हणतात, विनू."

"पानाच्या मागे माझं नाव लिहिते. देठाकडेच खळ लावू, म्हणजे कोणालाही उलटून वाचता येईल. फसवणारा माणूस नाव लिहितो का?"

"आणि गोकुळदासबाब?"

"त्यांच्या कार्डाला पान नाही."

सेजल पैजेप्रमाणे खळ ढवळायला गेली. एकशे एकोणीस पानं कापता कापता विनोदिनीच्या अंगठ्याला फोड आला. ऊन उतरायच्या आत तिघं तीन वाटांनी कार्डं वाटून आले. प्रत्येक दारात विनोदिनीला वाटत होतं, आता कोणीतरी विचारेल. लोक पान बघत, "किती सुंदर केलंय गो" म्हणत आणि कार्ड देव्हाऱ्यापाशी ठेवत.

तीस तारखेला साडेअकरा वाजता आंब्याखाली चटया अंथरलेल्या होत्या आणि माणसं येत होती. कृष्णनाथ सर आले. त्यांनी आपल्या कार्डावरचं पान उलटून मागचं नाव वाचलं, आणि काही न बोलता पहिल्या रांगेत बसले. तिकडे रिकाम्या सभागृहातून माइकवर "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

सव्वाबारा वाजून गेल्यावर गोकुळदासबाब आंब्याखाली आले. पांढरा सदरा, खिशात कार्ड. मागून माइकवालाही मजा बघायला आला.

"इथे काय चाललंय? कोणी बसवलं सगळ्यांना इथे?"

विनोदिनी उभी राहिली. सेजलने मागून तिचा झगा ओढला.

"मी," विनोदिनी त्या जुन्या, दुसऱ्या बाकापर्यंत न पोचणाऱ्या आवाजात म्हणाली. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी बसवलं. पानाच्या मागे माझं नाव आहे."

लोक पानं उलटू लागले. गोकुळदासबाबांचा चेहरा लाल झाला. "पोरखेळ झाला. चला, सगळे आत चला. ये गो बाय, तुमचं गाणं पहिलं." त्यांनी अंकिताचा हात धरला आणि ते सभागृहाकडे निघाले. बालवाडी रांगेने त्यांच्या मागे. माणसं चटयांवरून उठू लागली.

योगेश धावला. विनोदिनी त्याच्याही पुढे धावली. पायऱ्या चढून तिने दोन्ही हात चौकटीला टेकवले.

"पाच मिनिटं, गोकुळदासबाब. साडेबाराचा भोंगा होऊ दे. काही झालं नाही, तर मी माइकवर तुमची माफी मागते आणि सभागृह एकटी झाडते."

"बाजूला हो."

"नाही होणार."

मागून कृष्णनाथ सर आले. त्यांनी विनोदिनीला हलकेच बाजूला केलं, दाराची दोन्ही कवाडं ओढून घेतली, कुलूप लावलं आणि चावी आतल्या खिशात टाकली. "पाचच मिनिटं, गोकुळदास. काल मीच ठाम राहायला हवं होतं."

भोंगा वाजला.

कोणी हललं नाही. जमिनीतून धक्का आला, नळे किणकिणले आणि सगळं शांत झालं. आंब्यावरचा एक कावळा उडाला. विनोदिनी कान देऊन ऐकत होती. टर्र नाही. काहीच नाही.

गोकुळदासबाबांनी सुस्कारा सोडला. "बघितलंस? काही..."

आतून कण्हल्यासारखा आवाज आला. मग जणू चिऱ्यांचा अख्खा ट्रक कोणी ओतला. दार चौकटीत थडथडलं आणि फटीतून लाल धूळ सगळ्यांच्या पायांवर आली.

धूळ बसल्यावर सरांनी खिडकीच्या फटीतून आधी आपण पाहिलं, मग इतरांना पाहू दिलं. भिंतीचा वरचा भाग व्यासपीठावर कोसळला होता. चिरे, वासे, नळे. बावीसमधल्या एकाही स्टुलाचे पाय धड दिसत नव्हते. डाव्या कोपऱ्यात पेडण्याचा मुकुट तेवढा भिंतीला चिकटून होता.

गोकुळदासबाब पायरीवर बसले. अंकिताचा हात त्यांच्या हातात तसाच होता.

"काका," ती म्हणाली, "मग आता गाणं आंब्याखालीच ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

गाणं आंब्याखालीच झालं. सरांनी भाषण केलं नाही. त्यांनी तीन फाटक्या पट्ट्या वर धरल्या, तारखा वाचून दाखवल्या आणि खाणीला पाठवायच्या पत्राला त्या जोडल्या. पत्रावर वाड्यावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही गोकुळदासबाबांची. मग त्यांनी खिशातलं कार्ड काढलं.

"माझ्या कार्डाला पान का नाही?"

विनोदिनीने खाली पाहिलं. "लावलं असतं तर तुम्ही कालच सगळ्यांना उलटं सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "एखादं उरलंय?"

एक उरलं होतं, चुकून जास्तीचं कापलेलं. त्यांनी ते स्वतः खळ लावून चिकटवलं, वाकडं. "यापुढे वाड्यावर भिंतीला चुना लावायच्या आधी ही पोर बघेल," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

संध्याकाळी घरी आई-बाबा स्वयंपाकघरात बसले होते. आईने विनोदिनीच्या अंगठ्याला तूप लावलं होतं. बाबांची नजर कॅलेंडरवरून हलत नव्हती. योगेश शिडी घेऊन पडवीत उभा होता, आणि त्याच्यामागे सेजल वाफाळत्या खळीचं भांडं फडक्यात धरून कुरकुरत होती.

विनोदिनी कात्री आणि पतंगी कागद घेऊन भिंतीपाशी गेली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शाळा सुरू होईपर्यंत वाड्यावरच्या प्रत्येक घरातल्या भेगेवर मी पट्टी लावणार. तारीख आणि वेळ घालून. कोणी नको म्हणालं तरी पुन्हा विचारायला जाणार. आणि सुरुवात आपल्या घरापासून." तिने बाबांकडे पाहिलं. "बाबा, ते कॅलेंडर खाली काढा."