बिल्ल्याने ऐकलेली बोंब

कोकणातल्या एका रेल्वे स्टेशनबाहेरच्या तळावर सुगंधा शिगवणने टॅक्सीत बसून बटण दाबलं, तर गाडी ढिम्म हलेना. छातीवरचा बिल्ला लाल झाला होता. आदल्या रात्री तिच्या गावी होळी पेटली होती, आणि सुट्टीच्या दिवशीही बिल्ला काढायचा नाही असा कायदा होता.

हा बिल्ला म्हणजेच आता चालकाचा परवाना. आवाजाची पट्टी आणि नाडीचे ठोके जोखून तो माणसाचं वागणं मापायचा आणि त्याचा शीलांक ठरवायचा. शीलांक घसरला की गाडी बंद. घरी बायकोला छळणारा एकट्यादुकट्या बाईला सुखरूप घरी पोचवील कशावरून, असं युनियनच्या सभेत टेबल बडवून विचारणारी सुगंधाच होती. तेव्हा हा कायदा तिला आपला वाटला होता. आता तोच मुळावर आला, आणि तळावरच्या पुरुषांना हसायला निमित्त मिळालं. हसोत मेले.

परवाना कार्यालयात सुनावणीला देवरुखकर नावाचे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पडद्यावरची नोंद वाचली: चढा आवाज, शिव्या, एका सहकाऱ्याची नाव घेऊन बदनामी. मग ते स्वतःच हसले. यंत्र बनवणाऱ्यांनी शिमगा कधी पाहिलाच नसावा, म्हणाले. होळीभोवती बोंब ठोकायची, नाव घेऊन शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी पुरणपोळी खायची, हे त्या यंत्राला कोण सांगणार? तो रिवाज होता एवढंच सुगंधाने म्हणायचं होतं. मग नोंद रद्द, बिल्ल्याने केलेलं ध्वनिमुद्रण पुसलं जाणार, आणि दुपारपर्यंत गाडी सुरू.

सुगंधाला गाडी हवी होती. तिचं घर त्या गाडीवरच चालायचं. तरी तिने विचारलं, ज्याचं नाव घेतलं त्या अनंत मोहितेचा शीलांक किती?

देवरुखकरांनी पाहिलं. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. तळावर सगळ्यांत वरचा.

"असणारच," सुगंधा म्हणाली. "तो बायकोला मारतो तेव्हा आवाज चढवत नाय. टीव्हीवर मॅच बघता बघता मारतो. नाडी वाढायला राग यावा लागतो, साहेब. त्याला रागसुद्धा येत नाय."

देवरुखकर म्हणाले की तसं असेल तर पोलिसांत जावं. इथे प्रश्न फक्त तिच्या शिव्यांचा आहे.

अनंतची बायको रेश्मा पोलिसांत जाऊन आली होती. तिथेही नवऱ्याचा शीलांकच बघितला गेला, आणि तिची समजूत घालून तिला घरी धाडलं. त्यानंतर ती कुणाशी बोलेनाशी झाली. गावात खरं मोठ्याने बोलायला वर्षातली एकच रात्र उरली होती. सुगंधाने ती वाया घालवली नाही, आणि तिला त्याचा जराही पस्तावा नव्हता.

"लिहा, साहेब. रिवाज नव्हता. मी शुद्धीत होते, आणि शब्द न् शब्द मनापासून बोलले. गैरवर्तन म्हणून नोंदवा."

परवाना वर्षभरासाठी जाईल, त्यांनी बजावलं.

"जाऊ दे. पण नोंद राहिली तर आवाज पुसता येणार नाय ना? मग पुरता ऐका. माझ्या शिव्यांपाशी थांबू नका."

देवरुखकरांनी नाइलाजाने ध्वनिमुद्रण लावलं. लाकडं तडतडत होती. सुगंधाचा खणखणीत आवाज अनंतचं नाव घेऊन त्याने काय काय केलं ते सांगत होता. गावाने तोंडावर हात मारून बोंब ठोकली आणि ती विरली. आता संपलं असं वाटून त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात आणखी एक बोंब आली. एकटीच, बारीक, मधेच फाटलेली, तरी थांबायला तयार नसलेली.

ही कोण, त्यांनी विचारलं.

"रेश्मा." सुगंधाने छातीवरचा लाल बिल्ला काढून त्यांच्यासमोर ठेवला. "तिच्याकडं टॅक्सी नाय, परवाना नाय, बिल्ला नाय. तिची ही बोंब तुम्ही कुणाच्या शीलांकात धरणार, साहेब?"